अर्ध्या सेकंदाचं काय एवढं?

२९ मार्च २०२४. गुड फ्रायडेची सुट्टी. भारतात रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले होते, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळ होती. अशा वेळी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रामरने सर्व्हरच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या जगभरच्या मंडळींना एक जाहीर पत्र पाठवलं. फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये, काम पोस्टग्रेस्क्यूएल या ओपन सोर्स डेटाबेसवर. आपण काही सुरक्षा-संशोधक नाही, हे त्यांनी त्या पत्रातच सांगून टाकलं होतं. मजकूर मात्र असा होता, की तो वाचून अनेक देशांतल्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांची सुट्टी तिथेच संपली. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर असणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्याशा प्रोग्राममध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता.

फ्रॉइंड चोर शोधायला निघालेच नव्हते. डेटाबेसमधल्या बदलांनी वेगात किती फरक पडतो, याची ते मोजणी करत होते. अशा मोजणीला यंत्र शांत लागतं. बाजूला दुसरं काही चालू असेल तर आकडे हलतात. म्हणून यंत्रावर आणखी काय चाललंय हे त्यांनी पाहिलं, तर दूरवरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर प्रोसेसरचा वेळ जरा जास्तच खाताना दिसला. इंटरनेटला जोडलेल्या कुठल्याही सर्व्हरवर अनोळखी यंत्रं रात्रंदिवस खोटी नावं टाकून आत शिरू पाहत असतात. त्यात नवल नव्हतं. पण नावच चुकीचं असल्याने जी विनंती तिथल्या तिथे फेटाळली जायची, तिला इतके कष्ट का पडावेत? त्यांनी वेळ मोजला. आधी ०.२९९ सेकंद लागत, आता ०.८०७ लागत होते.

अर्ध्या सेकंदाचा फरक. दहातल्या नऊ जणांना तो जाणवला नसता. ज्याला जाणवला असता, त्यानेही ‘नवीन आवृत्ती आहे, होईल ठीक’ म्हणून सोडून दिलं असतं. फ्रॉइंड यांनी सोडलं नाही. काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेस्क्यूएलच्या चाचण्यांत ‘व्हॅलग्राइंड’ या तपासनीस प्रोग्रामने एक चमत्कारिक तक्रार नोंदवली होती, तीही त्यांना आठवली. दोन्ही धागे धरून ते मागे मागे गेले आणि एक्सझेडपाशी पोचले.

एसएसएचच्या वाटेने

एसएसएच म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं. सर्व्हर सांभाळणारा अ‍ॅडमिन सर्व्हरसमोर क्वचितच बसतो. यंत्र ऐरोलीच्या नाहीतर महापेच्या डेटा सेंटरमध्ये असतं आणि माणूस पुण्यात, नाशकात किंवा कोकणातल्या घरी. दोघांमधलं बोलणं मधल्या कुणाला ऐकू येऊ नये, म्हणून ते कूटबद्ध करून नेण्याची रीत म्हणजे एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी चोरून पासवर्ड टिपत होतं. त्यावर उपाय म्हणून तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ती लिहिली. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी तिची खुली आवृत्ती केली, ती ओपनएसएसएच. आज जगातल्या बहुसंख्य लिनक्स सर्व्हरची देखभाल याच वाटेने होते. ही वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती सर्व्हर.

एक्सझेडचा या वाटेशी खरं तर काहीच संबंध नाही. तो फायली दाबून लहान करणारा प्रोग्राम. ओपनएसएसएचच्या मूळ कोडला त्याची गरजही नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या वितरणांनी सोयीसाठी ओपनएसएसएचमध्ये एक छोटी भर घातली होती: सेवा सुरू झाली की तसं सिस्टिमडी या यंत्रणेला कळवायचं. त्यासाठी सिस्टिमडीची लायब्ररी जोडावी लागे आणि त्या लायब्ररीमागून एक्सझेडची लायब्ररी आत यायची. निरोप पोचवण्यापुरत्या या सोयीमुळे फायली दाबणारा कोड थेट लॉगिन तपासणाऱ्या प्रोग्रामच्या पोटात जाऊन बसला. ही साखळी हल्लेखोराने नेमकी हेरली होती.

तीन वर्षांचा विश्वास

एक्सझेड अनेक वर्षं फिनलंडचे लासे कॉलिन जवळजवळ एकहाती सांभाळत होते, विनामोबदला. जानेवारी २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ या नावाने गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर एक खातं उघडलं गेलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर त्या नावाने एक्सझेडसाठी पहिली किरकोळ दुरुस्ती आली. मग आणखी आल्या. सगळ्या साध्या, उपयोगी, नीटनेटक्या.

२०२२ च्या उन्हाळ्यात इतर काही नावं पुढे आली आणि कॉलिन यांच्यामागे टुमणं लागलं: दुरुस्त्या पडून आहेत, प्रकल्प मरतोय, दुसऱ्या कुणाला तरी हक्क द्या. ही नावं आधी कुठे दिसली नव्हती, नंतरही दिसली नाहीत. ती एकाच कटातली असावीत, असा आज तज्ज्ञांचा कयास आहे. कॉलिन यांनी सौम्यपणे उत्तर दिलं, की आपली प्रकृती बराच काळ बरी नाही आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे, हे ध्यानात असू द्या. जिया टॅनकडे पुढे मोठी भूमिका येऊ शकते, असंही ते म्हणाले. वर्षभरात ती आली. २०२३ पासून नव्या आवृत्त्या जिया टॅनच्या हातून निघू लागल्या.

इथे संगणकावर हल्ला झालेलाच नव्हता. थकलेल्या माणसावर, त्याच्या भिडेवर आणि मदतीच्या गरजेवर झाला होता. जिया टॅन हा एक माणूस की टोळी, की कुठल्या देशाचं सरकारी खातं, हे जाहीरपणे सिद्ध झालेलं नाही.

२४ फेब्रुवारी २०२४ ला आवृत्ती ५.६.० आणि ९ मार्चला ५.६.१ बाहेर पडली. चोरदरवाजा दोन्हींत होता, आणि त्याची लपण्याची जागा पाहण्यासारखी आहे. फायली दाबणाऱ्या प्रोग्रामला चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फायली लागतात. त्या उघडून कोणी वाचत नाही, वाचून काही कळतही नाही. विषारी कोड अशा चाचणीच्या फायलींत दडवला होता. तो बाहेर काढून बांधणीत मिसळणारी कळ मात्र सार्वजनिक भांडारातल्या कोडमध्ये नव्हतीच. आवृत्ती प्रसिद्ध करताना जे गाठोडं तयार करतात, फक्त त्यात ती घातली होती. भांडार वाचणाऱ्याला काही दिसलं नसतं, आणि वितरणं प्रोग्राम बांधत होती ती त्या गाठोड्यावरून.

चोरदरवाजाही बेताचा होता. ज्याच्याकडे एक विशिष्ट खासगी किल्ली आहे त्यालाच तो उघडणार. त्याची आज्ञा लॉगिन न होताच सर्व्हरवर चालणार आणि लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदींत, मागमूस राहू नये याचीही तजवीज. धोक्याच्या श्रेणीत या प्रकाराला दहापैकी दहा गुण मिळाले. ५.६ ची बाधा तोवर डेबियनच्या चाचणी शाखा, फेडोरा ४० ची पूर्वावृत्ती, ओपनसूसे टम्बलवीड अशा नव्याची हौस असलेल्या वितरणांपर्यंतच पोचली होती. बँका, रुग्णालयं, सरकारी कचेऱ्या वापरतात त्या स्थिर आवृत्त्यांत ती अजून शिरायची होती. काही महिन्यांचा अवधी मिळता, तर शिरलीही असती.

गप्प केलेल्या तक्रारी

या प्रकरणात जिया टॅनने कोड लिहिण्याबरोबरच यंत्रांची तोंडं बंद करण्यासाठीही बरीच खटपट केली.

जुलै २०२३ मध्ये गूगलच्या ‘ओएसएस-फझ’ या सेवेकडे एक बदल सुचवला गेला. ही सेवा ओपन सोर्स प्रोग्रामवर वेडेवाकडे इनपुट मारून चुका शोधते. पुढे चोरदरवाजाला जी सुविधा लागणार होती, नेमकी ती या चाचणीत बंद ठेवा, अशी विनंती होती. ती मान्य झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बांधणीच्या एका फाइलमध्ये एक टिंब पडलं. फक्त एक टिंब, पण त्याने ‘लँडलॉक’ या संरक्षक कुंपणाची तपासणी दरवेळी नापास होऊ लागली आणि ते कुंपण निमूटपणे वगळलं जाऊ लागलं. ५.६.० नंतर व्हॅलग्राइंडने कुरकुर सुरू केली, तेव्हा दोष कंपायलरचा असल्याचं सांगून ५.६.१ मध्ये ती कुरकुरही मिटवली. फेडोराच्या मंडळींनी या ‘दुरुस्ती’साठी जिया टॅनला सद्भावनेने साथही दिली होती.

व्हॅलग्राइंडची तक्रार मिटवण्यातून झालेला हा पहिला अनर्थ नव्हे. २००६ मध्ये डेबियनच्या एका स्वयंसेवकाला ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या दोन ओळींबद्दल याच प्रोग्रामचा इशारा येत होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने मूळ लेखकांना विचारलंही होतं. ओळी काढल्या, इशारा थांबला. पण त्यांतली एक ओळ यादृच्छिकता मिसळण्याचं काम करत होती. ती गेल्यावर किल्ल्या बनवताना बियाणं म्हणून उरला केवळ प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका आकाराच्या जास्तीत जास्त ३२,७६८ किल्ल्या. त्या सगळ्या एका बैठकीत बनवून पाहता येतात. डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या जवळजवळ दोन वर्षं अशा पोकळ निघत राहिल्या. मे २००८ मध्ये लुचियानो बेलो यांच्या लक्षात आलं, तेव्हा जगभरच्या अ‍ॅडमिननी किल्ल्या नव्याने बनवल्या.

२००६ चा स्वयंसेवक सज्जन, २०२४ चा जिया टॅन कपटी. तरी सर्व्हरच्या दृष्टीने दोघांच्या कृतीचा परिणाम एकच: इशारा बंद झाला, कारण तसंच राहिलं. फ्रॉइंड यांनी उलट केलं. आवाज तसाच ठेवून ते कारण शोधत गेले.

पंचाहत्तर सेंटचा हिशेब

कारणाचा असा पाठपुरावा करणाऱ्यांत क्लिफर्ड स्टोल यांचं नाव पहिल्यांदा घ्यावं लागेल. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हे खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात नुकतेच रुजू झाले होते. संगणकाच्या वापराचे पैसे तेव्हा सेकंदावर आकारले जात. महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. नवख्याला सराव व्हावा म्हणून ती शोधायचं काम त्यांच्याकडे आलं. कुणीतरी नऊ सेकंद संगणक वापरून पैसे भरले नव्हते.

स्टोल यांनी तो माग दहा महिने सोडला नाही. बाहेरून येणाऱ्या ५० वाहिन्यांवर लोकांच्या टेबलांवरचे प्रिंटर उसने आणून जोडले, म्हणजे पाहुण्याने दाबलेली प्रत्येक कळ कागदावर यावी आणि त्याला पत्ता लागू नये. पाहुणा आत शिरला होता तो जीएनयू ईमॅक्स या मुक्त संपादकाबरोबर येणाऱ्या एका साधनाला गरजेपेक्षा जास्त अधिकार दिल्यामुळे. शेवटी त्याला गुंतवून ठेवायला क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या खोट्या फायली रचल्या आणि तो त्या वाचत बसला असताना माग पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला. मार्कुस हेस नावाचा तो तरुण अमेरिकन लष्कराची माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला, केजीबीला, विकणाऱ्या टोळीत होता. आज ‘हनीपॉट’, ‘लॉग निरीक्षण’, ‘घुसखोरी-शोध’ असे जे विभाग कंपन्यांत असतात, त्यांची बाळबोध रूपं त्या प्रिंटरच्या कागदांवर सापडतात.

बिल कोणालाही माफ करता आलं असतं. ७५ सेंट खिशातून भरून वही जुळवली असती, तर हेस आणखी कित्येक महिने आत-बाहेर करत राहिला असता.

नेहमीचं म्हणजे किती?

आता प्रिंटर लागत नाहीत. १९९९ पासून नॅगिओस आहे, लाटव्हियातून आलेलं झॅबिक्स आहे, २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेलं प्रोमिथियस आहे, त्याचे आकडे आलेखात दाखवणारं ग्राफाना आहे. सगळी ओपन सोर्स. ठरावीक वेळाने प्रत्येक सर्व्हरची नाडी पाहतात: प्रोसेसर किती व्यग्र, मेमरी किती भरली, डिस्कवर जागा किती, चुकीचे लॉगिन किती. मर्यादा ओलांडली की अ‍ॅडमिनच्या फोनवर इशारा.

आणि इथेच घोळ होतो. इशारे फार येतात. मर्यादा कुणीतरी अंदाजाने ठरवलेली असते, बॅकअपच्या वेळी रोज पहाटे तीन वाजता ती ओलांडली जाते, रोज फोन वाजतो. आठवडाभराने अ‍ॅडमिन तो इशारा बंद करून टाकतो, आणि त्याला बोल लावता येत नाही. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्रपाळी करणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या कुणालाही विचारा: पडद्यावरच्या लाल ठिपक्यांतले बहुतेक निरर्थक असतात, आणि त्यांतला खरा कोणता हे ठिपका सांगत नाही.

एसटीच्या डेपोतला जुना मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकून काहीतरी बिनसलंय हे सांगतो, कारण त्या गाडीचा चांगला आवाज त्याने वर्षानुवर्षं ऐकलेला असतो. सर्व्हरच्या निरीक्षणाचं मर्म हेच. मर्यादा ओलांडण्याआधी ‘नेहमीचं म्हणजे किती’ हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. ०.८०७ सेकंद हा आकडा जगातल्या कुठल्याही डॅशबोर्डवर लाल झाला नसता. तो खटकला, कारण तुलनेला ०.२९९ होतं.

काही वेळा तर निरीक्षणाचे डोळेच झाकलेले असतात आणि तेही कळत नाही. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकी पतनोंदणी कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. वाट होती अपाची स्ट्रट्स या ओपन सोर्स चौकटीतल्या एका छिद्राची. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच जाहीर झाली होती, ती एका पोर्टलवर बसवायची राहिली. पुढची हकिगत अधिक बोलकी आहे. जाळ्यातली वाहतूक तपासणारं उपकरण कंपनीकडे होतं, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपलेली होती, म्हणून कूटबद्ध वाहतूक ते उघडून न पाहताच सोडत होतं. चोर मे महिन्याच्या मध्यापासून आत होते. जुलैअखेर प्रमाणपत्र नवं बसवताच संशयास्पद वाहतूक लगेच दिसली. जे उपकरण काहीच आक्षेप घेत नाही ते सुरळीत चालू आहे की आंधळं झालंय, हेही कुणीतरी अधूनमधून तपासावं लागतं.

आपल्याकडे ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबरसुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत नोंदवणं, लॉग १८० दिवस जपणं आणि यंत्रांची घड्याळं ठरावीक प्रमाणवेळेशी जुळवणं बंधनकारक आहे. घड्याळांची अट वरवर क्षुल्लक वाटते. दोन सर्व्हरच्या घड्याळांत चार मिनिटांचा फरक असेल, तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच लागत नाही. लॉगही त्याच सर्व्हरवर ठेवून भागत नाही. घुसलेला माणूस आधी तेच पुसतो. ते ताबडतोब दुसऱ्या यंत्रावर जायला हवेत. पण १८० दिवसांचे लॉग जपले आणि १८० दिवसांत कुणी उघडले नाहीत, तर कायदा पाळला गेला एवढंच म्हणता येईल.

डोळे किती, पगार किती

एक्सझेडनंतर दोन बाजूंनी वाद झाला. एक पक्ष म्हणाला, पाहा, ओपन सोर्समध्ये कुणीही घुसतं. दुसरा म्हणाला, पाहा, कोड खुला होता म्हणून तर सापडला. दोघांचं अर्धं बरोबर आहे. फ्रॉइंड कुठल्याही परवानगीशिवाय, दुसऱ्याच्या प्रोग्रामच्या आतपर्यंत ओळ न् ओळ उतरू शकले, हे बंद कोडमध्ये शक्य नव्हतं. पण कोड खुला आहे म्हणजे तो वाचला जातो, असं नाही.

याचा पुरावा दहा वर्षं आधीच मिळाला होता. ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झालेल्या ‘हार्टब्लीड’ने ओपनएसएसएलमधलं एक छिद्र दाखवलं, ज्यातून सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे, किल्ल्या आणि पासवर्डसकट, बाहेर ओढता येत होते. गूगलचे नील मेहता आणि फिनलंडची कोडनोमिकॉन कंपनी यांना ते स्वतंत्रपणे सापडलं. चूक मार्च २०१२ पासून सगळ्यांसमोर होती. जगाचे आर्थिक व्यवहार ज्या लायब्ररीवर चालतात तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक, आणि देणग्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला, ओपनएसएसएलला माणसं मिळाली. एक्सझेडकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण फायली दाबणाऱ्या प्रोग्रामला सुरक्षेच्या यादीत कोण घेतो?

तांत्रिक उपाय आहेत आणि ते होत आहेत. सार्वजनिक कोडवरून कुणीही बांधणी केली तरी बिटन्‌बिट तोच प्रोग्राम निघावा, यासाठी डेबियनमध्ये बरीच वर्षं काम चालू आहे. गाठोड्याऐवजी थेट भांडारातून बांधण्याकडे कल वाढतोय. सिस्टिमडीने एक्सझेडची लायब्ररी गरज पडेल तेव्हाच जोडायची असं ठरवलंय. तो बदल चोरदरवाजा सापडण्याआधीच वाटेवर होता. कॉलिन यांनी २९ मे २०२४ ला साफ केलेली ५.६.२ ही आवृत्ती काढली.

उरतो तो माणसाच्या वेळेचा प्रश्न. एखादी नागरी सहकारी बँक, नगरपालिका किंवा अभियांत्रिकी महाविद्यालय ओपन सोर्स घेतं, तेव्हा परवान्याचे पैसे वाचल्याचं समाधान असतं. वाचलेल्या पैशातून अ‍ॅडमिनला मदतनीस क्वचितच मिळतो. एकच माणूस प्रिंटर दुरुस्त करतो, निकालाच्या दिवशी वेबसाइट उभी ठेवतो, साहेबांच्या फोनवर मेल चालू करून देतो, आणि उरलेल्या वेळात सुरक्षा पाहतो. त्याच्या कामाचं मोजमाप होतं ते बंद केलेल्या तिकिटांवर. या मोजपट्टीवर २००६ चा तो स्वयंसेवक उत्तम ठरतो: इशारा आला, संपवला. स्टोल आणि फ्रॉइंड नापास होतात. एकाने ७५ सेंटसाठी दहा महिने घालवले, दुसऱ्याने अर्ध्या सेकंदासाठी आपली मोजणी बाजूला ठेवली.

म्हणून महिनाअखेरीच्या आढावा बैठकीत अ‍ॅडमिनला एक प्रश्न जास्तीचा विचारायला हवा. या महिन्यात किती तक्रारी मिटवल्या, हे विचाराच. पण त्यांतल्या कितींचं कारण सापडलं आणि किती नुसत्याच बंद केल्या, हेही विचारा. दुसरा आकडा मोठा निघाला तर त्याच्यावर रागावू नका. त्याच्या आठवड्यातली एक सकाळ मोकळी करा, आणि त्या सकाळी त्याच्या हातून काहीच ‘निकाली’ निघालं नाही तरी ती भरपगारी कामाची सकाळ आहे, हे लेखी द्या.